हिरवं दिसतं, पण ओलं आहे का? उपग्रहातून पीटभूमीची तब्येत तपासण्याची रीत

कोकोपीट आता तालुक्याच्या नर्सरीतही मिळतं. कुंडी भरायला आपण ते घेऊन येतो, पण नावातलं ‘पीट’ म्हणजे काय हे फारसं कुणी विचारत नाही. काथ्या काढताना उरणारा नारळाचा भुसा मूळच्या पीटला पर्याय म्हणून बागकामात आला आणि नाव चिकटलं. खरं पीट म्हणजे पाण्याखाली दबल्यामुळे, हवा न मिळाल्यामुळे अर्धवट कुजून राहिलेली मुळं, पाला, लाकूड, शेवाळ. त्याचा थर वर्षाला साधारण एक मिलिमीटरने वाढतो. त्यामुळे दहा मीटर पीट साठायला हजारो वर्षं लागतात. जगातल्या जमिनीपैकी जेमतेम ३ टक्के जमीन अशी आहे, पण जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडाझुडपांत आहे त्याहून जास्त कार्बन या ३ टक्क्यांत साठलेला आहे.

तो तिथे टिकून राहतो एकाच गोष्टीमुळे : पाणी. पाणी उतरलं की हवा शिरते, पीट कुजायला लागतं, जमीन खचते आणि उन्हाळ्यात ठिणगी पडली की पेट घेते. म्हणून पीटभूमी ‘निरोगी आहे का’ हा प्रश्न शेवटी ‘पाणी कुठवर आहे’ यावर येऊन थांबतो. अडचण अशी की कोणताही उपग्रह जमिनीखालची पाण्याची पातळी थेट पाहू शकत नाही. त्याला दिसतो तो वरचा रंग, ओलावा, उंची आणि उष्णता. या चार गोष्टींवरून पाण्याचा अंदाज बांधायचा, हेच या कामाचं मर्म. आणि सगळ्यात जास्त फसवतो तो रंग.

ही रीत मी एका खऱ्या जागेवर दाखवणार आहे. इंडोनेशियातल्या मध्य कालिमांतान प्रांतात, पालंका राया शहराच्या दक्षिणेला आणि पूर्वेला पसरलेली पीटभूमी. १९९५ साली राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या सरकारने इथे दहा लाख हेक्टरवर भातशेती करायचं ठरवलं. जंगल तोडलं, चार हजार किलोमीटरहून अधिक लांबीचे कालवे खणले. त्या आम्लधर्मी, निकस जमिनीत भात काही नीट पिकला नाही. १९९९ मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला, पण कालवे तसेच राहिले आणि आजही पाणी बाहेर वाहून नेतायत. १९९७ च्या एल निनोच्या वर्षी ही जमीन पेटली. त्या वर्षी इंडोनेशियातल्या पीट आणि जंगलांच्या आगींतून ०.८१ ते २.५७ अब्ज टन कार्बन हवेत गेला, असा अंदाज संशोधकांनी २००२ मध्ये मांडला. जगभर कोळसा-तेल जाळून दरवर्षी निघणाऱ्या कार्बनच्या १३ ते ४० टक्के एवढा तो भरतो. २०१५ मध्ये पुन्हा तेच घडलं. देशभरात सुमारे २६ लाख हेक्टर जळालं. धूर सिंगापूरपर्यंत पोचला, तिथल्या शाळा २५ सप्टेंबरला बंद ठेवाव्या लागल्या. सिंगापुरातल्या मराठी घरांनीही तो धूर खिडक्या बंद करून सोसला आहे.

साधनांबद्दल थोडक्यात. उपग्रहांच्या प्रतिमांवर ऑनलाइन काम करता येणाऱ्या गूगल अर्थ इंजिनचं बिगर-व्यावसायिक खातं मोफत मिळतं आणि खाली सांगितलेलं बहुतेक सगळं त्यात होतं. नकाशे मांडायला क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर. रडारच्या प्रतिमांवर खोल काम करायचं असेल तर युरोपीय अवकाश संस्थेचं स्नॅप हे सॉफ्टवेअर. साधा लॅपटॉप पुरतो, कारण आकडेमोड गूगलच्या सर्व्हरवर होते.

पहिली पायरी : हद्द आणि प्रश्न, दोन्ही लिहून काढा

‘पीटभूमीचं निरीक्षण’ एवढ्यावर काम सुरू करू नका. कागदावर एक वाक्य लिहा : मला काय जाणून घ्यायचं आहे आणि ते कळल्यावर कोण काय करणार आहे? ‘या कालव्यावर बांध घातल्यावर आजूबाजूची जमीन उन्हाळ्यात ओली राहते का’ हा प्रश्न झाला. ‘सप्टेंबरमध्ये आग लागण्याचा धोका कोणत्या भागात जास्त आहे’ हाही झाला. पहिल्याला दहा मीटरची प्रतिमा (जिचा एक ठिपका, म्हणजे पिक्सेल, जमिनीवरच्या दहा मीटरच्या चौकोनाएवढा असतो) आणि काही वर्षांचा इतिहास लागतो. दुसऱ्याला दर काही दिवसांनी ताजी माहिती लागते. एकाच नकाशात दोन्ही कोंबायला गेलात की दोन्ही अर्धवट राहतात.

हद्द आखताना प्रशासकीय सीमा वापरायचा मोह होतो. तो टाळा. पाणी जिल्ह्याची हद्द ओळखत नाही. दोन नद्यांमधली पीट मधोमध फुगलेली असते, पालथ्या ताटासारखी. कित्येक किलोमीटरच्या अंतरात चढ असतो फक्त काही मीटर, पण पाणी कुठून कुठे जाणार हे त्या चढावरच ठरतं. सेबांगाऊ आणि काहायान या नद्यांमधला असा एक घुमट अख्खा एकक म्हणून घेतला, तर काम अर्थपूर्ण होतं. कालव्याच्या एका काठापुरतं पाहिलंत तर पाणी कुठे गेलं ते कधीच कळणार नाही.

उंचीचे मोफत नकाशे वापरताना सावध राहा. एसआरटीएम किंवा कोपर्निकसचा ३० मीटरचा उंची-नकाशा जंगलात झाडांच्या शेंड्यांची उंची देतो, जमिनीची नाही. पंचवीस मीटर उंच झाडांच्या खाली तीन मीटरचा घुमट कसा सापडणार? त्यासाठी लेसरची मोजमापं हवीत. अंतराळ स्थानकावरचं गेडी हे उपकरण आणि आइससॅट-२ हा उपग्रह ती देतात. ती ठिपक्याठिपक्यांनी येतात, सलग नसतात, पण घुमटाचा उभा छेद काढायला पुरेशी ठरतात.

दुसरी पायरी : जमिनीचा भूतकाळ वाचा

आज दिसणारी प्रतिमा उघडण्याआधी अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांचा जुना साठा उघडा. लँडसॅट ५ ने १९८४ पासून फोटो काढले आहेत आणि २००८ पासून हा सगळा साठा सर्वांना मोफत खुला आहे. १९९१-९२ ची प्रतिमा आणि २००० ची प्रतिमा शेजारी ठेवा. पहिल्यात सलग गडद जंगल आणि चहाच्या कोऱ्या काढ्यासारखं पाणी असलेल्या काळ्या नद्या. दुसऱ्यात पट्टीने ओढाव्यात तशा सरळ रेषा. निसर्गात नदी इतकी सरळ वाहत नाही. त्या रेषा म्हणजे कालवे.

त्या हाताने रेखाटा. होय, हाताने. मोठे कालवे सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या १० मीटरच्या प्रतिमांवर स्पष्ट दिसतात. गावकऱ्यांनी खणलेले अरुंद चर, ज्यांना तिथे ‘हांडिल’ म्हणतात, ते झाडीखाली लपतात. त्यासाठी जास्त बारकाव्याची प्रतिमा किंवा ड्रोन लागतो. हे काम कंटाळवाणं आहे, पण मी ते कधीच वगळत नाही, कारण पुढच्या प्रत्येक नकाशात पहिला प्रश्न हाच येतो : हा वाळलेला ठिपका कालव्यापासून किती लांब आहे? कालव्यापासूनचं अंतर हा एक स्तर तयार असला की निम्मी कोडी तिथेच सुटतात.

लँडसॅट ७ च्या मे २००३ नंतरच्या प्रतिमांमध्ये तिरके काळे पट्टे दिसतील. उपकरणातला एक भाग निकामी झाल्यामुळे ते आले आहेत. त्यांना आगीचे डाग किंवा पाणी समजू नका.

त्याच साठ्यातून प्रत्येक पिक्सेल कितीदा जळाला याचा नकाशा काढा. एकदा जळालेलं जंगल परत उभं राहू शकतं. तीन-चारदा जळालेल्या जागी बी देणारं झाडच उरत नाही. बांध घालायचे, झाडं लावायची ती कुठे, हे ठरवताना हाच नकाशा पुढे धरावा लागतो.

तिसरी पायरी : रंगाच्या प्रतिमा आणि हिरव्याचा चकवा

विषुववृत्तावर एकही स्वच्छ प्रतिमा मिळणं नशिबाची गोष्ट. म्हणून एक तारीख शोधत बसू नका. सेंटिनेल-२ च्या कोरड्या हंगामातल्या, म्हणजे जुलै ते ऑक्टोबरमधल्या सगळ्या प्रतिमा घ्या, ढग आणि सावल्या झाकून टाका आणि उरलेल्यांतून प्रत्येक पिक्सेलची मध्यक किंमत काढा. ढग झाकण्यासाठी ‘क्लाउड स्कोअर प्लस’ चांगलं चालतं. मात्र धुराचा पातळ पडदा त्यातूनही निसटतो. प्रतिमा निळसर-राखाडी आणि फिकट दिसत असेल तर ती डोळ्यांनी पाहून काढून टाका.

आता चकव्याकडे येऊ. बहुतेक जण पहिल्यांदा एनडीव्हीआय काढतात, म्हणजे हिरवेपणाचा निर्देशांक. पीटभूमीवर तो जवळजवळ उलटी माहिती देतो. आग लागून गेल्यावर काही महिन्यांत तिथे नेचे उगवतात. त्यातलं एक नेचं, कोवळ्या पानांना लालसर झाक असलेलं ‘कलाकाई’, पालंका रायाच्या बाजारात भाजी म्हणून विकायला असतं. ते जळक्या पीटवर इतकं दाट माजतं की एनडीव्हीआय जंगलाच्या जवळपास जाऊन पोचतो. नकाशावर सगळं हिरवंगार. खाली मात्र पाणी मीटरभर खोल आणि पीट भुसभुशीत कोरडं. पामतेलाच्या मळ्यांचंही तेच. पाणी उपसून लावलेली ती झाडं वर्षभर टवटवीत हिरवी दिसतात आणि खालची जमीन खचत असते. दिसतं तसं नसतं, हे इथे अक्षरशः खरं आहे.

हिरवेपणाऐवजी ओलाव्याचा निर्देशांक काढा. सेंटिनेल-२ प्रकाश वेगवेगळ्या पट्ट्यांत मोजतो. त्यातल्या बी११ पट्ट्यातला अवरक्त प्रकाश पाणी शोषून घेतं. म्हणून ओल्या पानांतून, ओल्या मातीतून तो कमी परततो. बी८ए या दुसऱ्या अवरक्त पट्ट्यातला प्रकाश पाणी तेवढा शोषत नाही. सूत्र सोपं आहे : (बी८ए − बी११) ÷ (बी८ए + बी११). समजा एका ठिकाणी बी८ए ०.३२ आणि बी११ ०.१६ आहे, तर उत्तर ०.३३. शेजारच्या नेच्यांच्या पट्ट्यात बी८ए ०.३० आणि बी११ ०.२४, तर उत्तर ०.११. हिरवेपणात दोन्ही जागा सारख्याच, ओलाव्यात तिपटीचा फरक. बी८ए आणि बी११ यांचा एक पिक्सेल २० मीटरचा आहे, त्यामुळे अरुंद चराच्या काठावरची बारीक गोष्ट यात शोधू नका.

युरोपातल्या शेवाळाच्या उघड्या पीटभूमीसाठी याच्या पुढची पायरीही वापरतात. त्यात बी१२ च्या परावर्तनाचं, त्याला ‘आर’ म्हणू, (१ − आर)² ÷ २आर असं रूपांतर करतात. आर ०.२० असेल तर १.६, आर ०.१० असेल तर ४.०५. म्हणजे ओलावा वाढला की आकडा झपाट्याने चढतो. मग हा आकडा एनडीव्हीआयसमोर आलेखावर मांडून सगळ्यात ओली आणि सगळ्यात कोरडी कड आखायची आणि प्रत्येक पिक्सेल त्या दोन कडांच्या मध्ये कुठे बसतो ते पाहायचं. एस्टोनियातल्या शेवाळी दलदलीत यातून पाण्याच्या पातळीचा चांगला माग लागला आहे. कालिमांतानच्या उंच जंगलात मात्र ही युक्ती लावू नका. तिथे कॅमेऱ्याला फक्त झाडांचे शेंडे दिसतात, आणि झाडाची मुळं खोल पाण्यापर्यंत पोचलेली असतील तर शेंडा बराच काळ तकतकीत राहतो.

चौथी पायरी : रडारने ओल मोजा

माझ्या मते या साऱ्या कामाचा कणा हा आहे. सेंटिनेल-१ हा रडार उपग्रह आहे, म्हणजे तो स्वतःच जमिनीकडे लहरी सोडतो आणि परतणाऱ्या लहरी मोजतो. त्याच्या लहरी ५.६ सेंटिमीटर लांबीच्या. ढग, धूर, रात्र, कशानेच त्या अडत नाहीत. नेमकी ज्या दिवसांत आपल्याला माहिती सगळ्यात जास्त हवी असते, त्या धुराच्या दिवसांत रंगाच्या प्रतिमा आंधळ्या होतात आणि रडार बघत राहतं. ओली माती लहर जास्त परतवते, कोरडी माती कमी. म्हणून उघड्या किंवा खुरट्या झाडीच्या पीटवर जमीन वाळत गेली की परतणारा संकेत हळूहळू मंद होत जातो.

पण तीन गोष्टी सांभाळल्या नाहीत तर सगळं फुकट.

पहिली, कक्षा. उपग्रह एकाच जागेवरून कधी उत्तरेकडे जाताना जातो, कधी दक्षिणेकडे. बघण्याचा कोन बदलतो आणि संकेतही. मी सुरुवातीला दोन्ही दिशांच्या प्रतिमा एकाच मालिकेत मिसळल्या आणि जमीन दर आठवड्याला वाळते-भिजते असा सुंदर आलेख मिळाला. तो आलेख जमिनीचा नव्हता, कोनाचा होता. एकच दिशा आणि एकच कक्षा-क्रमांक निवडा, त्याला धरून राहा.

दुसरी, सरासरी. अर्थ इंजिनमध्ये सेंटिनेल-१ ची नेहमीची प्रतिमा डेसिबलमध्ये, म्हणजे संकेताच्या ताकदीच्या लॉगरिदमी मापात असते. डेसिबलची थेट सरासरी काढायची नसते. −१० आणि −२० डेसिबल यांची सरासरी −१५ वाटते. पण −१० म्हणजे ०.१ आणि −२० म्हणजे ०.०१. त्यांची सरासरी ०.०५५, आणि ती परत डेसिबलमध्ये येते −१२.६. दोन डेसिबलहून अधिक चूक! वाळलेल्या आणि ओल्या पीटमधला फरकच काही वेळा तेवढा असतो. त्यामुळे आधी साध्या आकड्यांत आणा, सरासरी काढा, मग हवं तर परत डेसिबल करा. अर्थ इंजिनमध्ये साध्या आकड्यांचा वेगळा संचही उपलब्ध आहे, तोच घेतलेला बरा.

तिसरी, दाणे. रडारच्या प्रतिमेत मीठ-मिरी शिंपडल्यासारखे ठिपके असतात. एका पिक्सेलच्या किमतीवर विश्वास ठेवू नका. निदान १०० मीटर बाय १०० मीटरच्या, एकसारख्या झाडीच्या तुकड्याची सरासरी घ्या.

आता मुख्य पद्धत. ‘संकेत अमुक डेसिबलच्या खाली गेला म्हणजे कोरडं’ अशी एकच रेषा सगळीकडे ओढता येत नाही. नेच्यांचा पट्टा, झुडपं, विरळ जंगल, प्रत्येकाचा मूळ आकडा निराळा. डॉक्टर जसा रोग्याचा आजचा रक्तदाब त्याच्याच जुन्या नोंदींशी ताडून पाहतो, तसं करा. प्रत्येक तुकड्यासाठी मागच्या निदान पाच वर्षांच्या त्याच महिन्यातल्या नोंदी घ्या, त्यांची सरासरी आणि प्रमाण विचलन (नोंदी सरासरीपासून साधारण किती इकडेतिकडे होतात ते माप) काढा. मग आजच्या किमतीतून सरासरी वजा करा आणि प्रमाण विचलनाने भागा. उत्तर −१ च्या आसपास आलं तर लक्ष ठेवा. −२ च्या खाली जाऊन पुढच्या दोन फेऱ्यांतही तिथेच राहिलं, तर त्या तुकड्यावर माणूस पाठवा.

शेजारी पावसाचा आलेख ठेवायला विसरू नका. चर्प्स या संचात १९८१ पासूनचा पाऊस ५ किलोमीटरच्या चौकोनांत मिळतो. त्याची गरज का, तर रडारमध्ये काळं दिसण्याची दोन विरुद्ध कारणं असतात. जमीन वाळली तरी संकेत मंद होतो, आणि जमिनीवर उघडं पाणी साचलं तरी होतो. संथ पाणी आरशासारखं वागतं, लहर समोर फेकतं, उपग्रहाकडे परतवत नाही. मागच्या पंधरवड्यात पाऊस किती झाला, हे पाहिलं की दोन्ही वेगळे ओळखता येतात. उपग्रह वरून जाण्याच्या तासाभर आधी सर आली असेल तर पानांवरच्या पाण्यामुळे संकेत फुगतो. ती तारीख सरळ सोडून द्या.

दाट जंगलात सेंटिनेल-१ ची लहर शेंड्यातच अडते. तिथे २४ सेंटिमीटरच्या आसपासच्या लांब लहरी लागतात, त्या पानांमधून खाली उतरतात. जपानच्या अ‍ॅलॉस उपग्रहांच्या वार्षिक प्रतिमा २५ मीटर बारकाव्यात मोफत मिळतात. झाडांच्या बुंध्याशी पाणी उभं असेल तर लहर पाण्यावरून बुंध्यावर आणि बुंध्यावरून परत उपग्रहाकडे उसळते, त्यामुळे असं जंगल उजळ दिसतं. निरोगी पीट-जंगलाची ही मोठी खूण. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून उडालेला इस्रो आणि नासाचा निसार उपग्रह अशाच लांब लहरी वापरतो, दर १२ दिवसांनी तीच जागा पाहतो. कालिमांतानसारख्या जंगलासाठी याच्याइतकं उपयोगी साधन आजवर आपल्या हातात नव्हतं, असं मी मनापासून म्हणतो.

पाचवी पायरी : जमीन किती खचली

पाणी काढलेली उष्ण कटिबंधातली पीट पहिल्या काही वर्षांत झपाट्याने बसते आणि पुढे वर्षाला साधारण ४-५ सेंटिमीटर खचत राहते. इंग्लंडमध्ये होम फेन इथे १८५० च्या सुमारास एक लोखंडी खांब पीटमधून खालच्या घट्ट मातीपर्यंत रोवला होता, डोकं जमिनीबरोबर ठेवून. आज तो सुमारे ४ मीटर वर आलेला दिसतो. खांब वर आला नाही, जमीन खाली गेली.

उपग्रहाने हे मोजायची पद्धत म्हणजे इन्सार. दोन वेगवेगळ्या तारखांच्या रडार लहरींच्या फेजमधला, म्हणजे लहर चढ-उताराच्या कुठल्या स्थितीत परतली त्यातला फरक काढायचा. नकाशावर तो रंगपट्ट्यांनी दाखवतात. सेंटिनेल-१ मध्ये एक पूर्ण रंगपट्टा म्हणजे सुमारे २.८ सेंटिमीटर हालचाल. झाडी हलली, वाढली की हा हिशेब विस्कटतो, म्हणून दाट झाडीत पुन्हा लांब लहरींकडे वळावं लागतं. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला फ्लो कंट्री नावाची विस्तीर्ण शेवाळी पीटभूमी आहे. जुलै २०२४ मध्ये नवी दिल्लीत भरलेल्या बैठकीत युनेस्कोने तिला जागतिक वारशाचा दर्जा दिला. तिथे नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी या पद्धतीने दाखवलं की निरोगी पीट पावसाळी दिवसांत फुगते आणि कोरड्या दिवसांत बसते, श्वास घेतल्यासारखी. म्हणून एका वर्षाच्या दोन प्रतिमांवरून ‘खचली’ असं लिहू नका. निदान तीन-चार वर्षांची मालिका घ्या, ऋतूंची वरखाली बाजूला काढा आणि उरलेला कल पाहा. संदर्भबिंदू पीटवर नको, न खचणाऱ्या घट्ट मातीवर हवा. तो पीटवरच धरला, तर सगळी जमीन स्थिर असल्याचं खोटं समाधान मिळतं.

सहावी पायरी : आग, जिचा जाळ दिसत नाही

चुलीवरची राख वरून गार वाटते, हात घातला की खाली फुफाटा. पीटची आग अशीच असते. जाळ नाही, जमिनीखाली गोवरीसारखं धुमसणं, आठवडेच्या आठवडे. तापमान कमी आणि वरून धुराची चादर, त्यामुळे उपग्रहांच्या उष्णता-संवेदकांच्या नजरेतून ती वारंवार निसटते.

नासाच्या फर्म्स या संकेतस्थळावर रोजच्या आगींचे ठिपके मिळतात. मोडिस या उष्णता-संवेदकाचे ठिपके १ किलोमीटरचे, व्हीआयआयआरएस या संवेदकाचे ३७५ मीटरचे. व्हीआयआयआरएसचे घ्या. ठिपका म्हणजे पिक्सेलचा मध्य, आगीची नेमकी जागा नव्हे. तो जीपीएसमध्ये घालून माणूस पाठवलात तर तो दोनशे मीटर चुकू शकतो, आणि पीटभूमीत दोनशे मीटर चालायला अर्धा तास जातो. कमी खात्रीचे ठिपके गाळून टाकायची सवय इथे सोडा. धुमसणारी आग अनेकदा तशीच नोंदली जाते. ठिपक्यांची संख्या मोजण्यापेक्षा चिवटपणा पाहा : एकाच जागी चार-पाच दिवस, तोही मध्यरात्री दीडच्या सुमाराच्या फेरीत ठिपका येतोय का? गवत एका दिवसात जळून संपतं. जो ठिपका जात नाही, तिथे पीट पेटलं आहे.

आग विझल्यावर किती क्षेत्र जळालं ते सेंटिनेल-२ च्या बी८ए आणि बी१२ पट्ट्यांवरून, आगीआधीच्या आणि नंतरच्या फरकाने काढतात. तो नकाशा झाडोरा किती जळाला हे सांगतो. पीट किती खोल जळालं हे त्यातून कळत नाही, आणि बहुतेक कार्बन त्या खोलीतूनच जातो. खोली कळते ती विमानातून किंवा ड्रोनवरून लेसरने मोजलेल्या आधीच्या-नंतरच्या उंचीवरून. मध्य कालिमांतानात २००६ च्या आगींनंतर अशा मोजणीत सरासरी सुमारे ३३ सेंटिमीटर थर जळाल्याचं दिसलं. शेकडो वर्षांची साठवण एका हंगामात.

सातवी पायरी : पायांनी जा

उपग्रहाचा एकही आकडा जमिनीवरच्या मोजणीशिवाय मला पटत नाही. साधन स्वस्त आहे : भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप, खालच्या टोकाला टोपी, पीटमध्ये उभा रोवलेला. आत टेप सोडून पाणी पृष्ठभागापासून किती खाली आहे ते मोजा. पाइपशेजारी पाय रोवून उभे राहू नका. पीट तुमच्या वजनाने दबते आणि दोन-तीन सेंटिमीटरचा फरक पडतो. बाजूला फळी टाका, तिच्यावर उभे राहा.

पाइप कालव्याला काटकोनात एका ओळीत लावा : काठापासून १०, ५०, १००, ३०० मीटरवर. काठाजवळ पाणी सगळ्यात खोल असतं आणि आत जाऊ तसं वर येतं. फक्त काठाला पाइप लावलेत तर जमीन आहे त्यापेक्षा आजारी वाटेल, फक्त आत लावलेत तर आहे त्यापेक्षा धडधाकट. इंडोनेशियाच्या नियमानुसार वापरातल्या पीटभूमीत पाणी पृष्ठभागापासून ४० सेंटिमीटरपेक्षा खाली गेलं तर ती बिघडलेली धरतात. मग रडारचा तुमचा −२ हा आकडा त्या तुकड्यात प्रत्यक्षात ४० सेंटिमीटरला येतो की ७० ला, हे या ओळीवरूनच ठरवा.

आणखी एक गोष्ट, जिला वीज लागत नाही. मूठभर पीट हातात घ्या आणि जोरात पिळा. बोटांमधून स्वच्छ, पिवळसर पाणी आलं आणि मुठीत मुळं-पानं ओळखू येत राहिली, तर पीट फारसं कुजलेलं नाही. गढूळ काळं पाणी आलं, तर कुजणं बरंच पुढे गेलंय. पाणी न येता सगळा गाळच चिखलासारखा बोटांतून निसटला, तर ते पूर्ण कुजलेलं. स्वीडनच्या लेनार्ट फॉन पोस्ट यांनी १९२२ मध्ये याची १ ते १० अशी श्रेणी मांडली, ती आजही जगभर वापरतात. प्रत्येक पाइपच्या नोंदीपुढे हा आकडा लिहा. काळी, पुरती कुजलेली पीट एकदा कडक वाळली की पाणी पुन्हा सहज धरत नाही. रडारमध्ये दोन जागा सारख्या दिसल्या आणि एक पाऊस झाल्यावरही ओली होईना, तर कारण बहुधा तुमच्या मुठीत सापडेल.

आठवी पायरी : बांधाचा उपयोग झाला का

२०१६ च्या जानेवारीत इंडोनेशियाने पीटभूमी सुधारण्यासाठी स्वतंत्र संस्था नेमली आणि कालवे अडवण्याचं काम मोठ्या प्रमाणावर सुरू झालं. बांधामुळे जमीन ओली झाली, असं दाखवायचं तर बांधाआधीचं आणि नंतरचं वर्ष एवढंच ताडून भागत नाही. नंतरच्या वर्षी पाऊसच जास्त झाला असेल तर? म्हणून बांध नसलेला, त्याच झाडीचा आणि कालव्यापासून तेवढ्याच अंतरावरचा दुसरा तुकडा निवडा आणि दोन्ही ठिकाणचा बदल शेजारी मांडा. दोन्ही सारखेच ओले झाले असतील तर श्रेय पावसाचं. बांधाचा तुकडा जास्त काळ ओला राहिला, विशेषतः ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, तर बांधाचं. तुकडे आधी निवडून ठेवा, निकाल पाहून नव्हे.

नकाशा कुणाच्या हाती जाणार, याचा विचार इथे करा. गावातल्या आग-राखणदार गटाला प्रमाण विचलन नको असतं. त्यांना मोबाईलवर उघडेल असं एक चित्र हवं, त्यावर तारीख, उपग्रह शेवटचा कधी गेला ती वेळ, आणि तीन रंग : ओलं, वाळत चाललेलं, कोरडं. कालव्यांना आपण दिलेले क्रमांक पुसा आणि लोक ज्या नावाने त्या हांडिलला हाक मारतात ते नाव लिहा. कोरड्या तुकड्यापर्यंत होडी कुठून जाते तो मार्ग आखा. रंगाच्या खाली एका ओळीत लिहा की हा तुकडा किती दिवस सलग कोरडा आहे. पंप कुठल्या घाटावर न्यायचा, हे त्या ओळीवरूनच ठरतं.